जरा पश्चिमेस

माणसं माणसांवर रागावतात, नशिबावर रागावतात, सरकारवर तर कुणीही उठून रागावतं. पण एका छापील कागदावर उभं आयुष्य रागावलेला माणूस मी जन्मात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. हा राग साधासुधा नव्हता. सकाळी चहाचा पहिला घोट घेऊन ते त्या कागदाकडं बघायचे आणि दुसरा घोट घेण्याआधी त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. त्यांच्या ह्या रागाला सगळं धाराशिव हसायचं. मीही हसलो, पुष्कळ वर्षं हसलो. आता कुणी हसलं तर मी अंगावर धावून जातो, म्हणून आधीच सांगून ठेवतो. ज्याला हसायचं असेल त्यानं खुशाल हसावं, पण माझ्यासमोर नको.

मामा निजामाच्या काळापासून मोजणी खात्यात नकाशे काढायचे. खात्याच्या बोलीत नक्शानवीस. शेताचा बांध, ओढा, विहीर, पाऊलवाट, सगळं त्यांच्या हातून कागदावर असं उतरायचं की भांडायला आलेले भाऊ नकाशा बघून गप घरी जायचे. शिक्षण सगळं उर्दूत झालेलं. त्यामुळं बोलणं आमच्यासारखंच, पण वागण्यात एक हैदराबादी अदब. तोंडानं कुणाचाही उद्धार करतील, पण कागदावर मात्र 'मेहेरबान' लिहिल्याशिवाय त्यांची लेखणी पुढं सरकायची नाही. विलीनीकरण झालं, कचेरीची भाषा बदलली, आणि चाळिशी ओलांडलेल्या मामांना मराठी अर्ज लिहिताना घाम फुटायला लागला. त्यात भाचीला नवरा मिळाला तो शाळामास्तर. मग काय, त्यांच्या रागाचं लेखनिकपण माझ्या गळ्यात पडलं.

लग्नानंतर पहिल्यांदा पाया पडायला गेलो, तर आशीर्वादाच्या आधी त्यांनी विचारलं, "गाव कोणतं म्हणालात?"

"भूम."

"अस्सं. म्हणजे तुम्ही उघड्यावरचे."

आमची गरिबी होती हे खरं, पण घरावर धड पत्रे होते. मला असा संताप आला की पुढं केलेला लाडूचा तुकडा मी बशीत परत ठेवला. बायको पदराआड हसत होती. मामांनी माझं मनगट धरलं आणि मला ओढत भिंतीसमोर नेऊन उभं केलं. भिंतीवर तो कागद होता.

साहेबाच्या काळात छापलेला, रेल्वेचा चित्रांचा नकाशा. पलंगपोसाएवढा रुंद, मागून कापड लावलेला. मुंबईपासून मद्रासपर्यंत सगळे रूळ लाल रेघांत, स्टेशनांची काळी टिंबं, आणि मधल्या सगळ्या जागेत चित्रंच चित्रं. विजापूरवर गोलघुमट, हंपीवर दगडी रथ, कोकणपट्टीला नारळी, रानात वाघ, हत्तीवर बसलेला साहेब, छत्री घेतलेली मडम. इंजिनातून निघालेला धूर केसाच्या बटांसारखा वळणावळणाचा. पश्चिमेला निळाभोर समुद्र, त्यात तीन जहाजं आणि उड्या मारणारे मासे. काय रंग होते! शाळेच्या रंगपेटीतल्या रंगांची मला लाज वाटली.

"सुंदर आहे," मी म्हणालो.

"सुंदर आहेच हो. आता धाराशिव दाखवा."

मी शोधायला लागलो. कुर्डुवाडीहून आमची छोटी गाडी निघाली होती, बार्शी घेऊन ती पांगरीपर्यंत आली होती, आणि तिथं एका पिवळ्या चौकटीखाली शिरली होती. ही नकाशातल्या खुणांची चौकट. भोवती वेलबुट्टी, चार कोपऱ्यांवर चार मोर, आणि आत तीन खुणा समजावून दिलेल्या: दुहेरी मार्ग कसा ओळखावा, एकेरी कसा, छोटा कसा. गाडी ह्या चौकटीत शिरायची ती पार मुरूडला बाहेर पडून लातूरला जाऊन थांबायची. येडशी, तेर, ढोकी, धाराशिव, तुळजापूर, सगळं त्या पिवळ्या चौकटीच्या पोटात गडप. चौकटीच्या डाव्या कडेला अगदी चिकटून, मोराच्या पिसाऱ्याशेजारी, एक टिंब होतं आणि बारीक इंग्रजीत माझ्या गावाचं नाव होतं. भूम. उघड्यावर.

"बघितलंत? लातूर आपल्याच जिल्ह्याचा तालुका. तालुका खिडकीत बसलाय आणि जिल्ह्याचं ठाणं गोधडीखाली! आत माणसं आहेत, जावई. गुदमरतायत."

मी तेव्हा पोट धरून हसलो. ज्याचं गाव दिसतं त्याला हसायला काय जातं?

मग जावईपणाच्या आगाऊपणानं मी म्हणालो, "मामा, खुणांची चौकट कुठंतरी बसवावी लागणारच. जिथं बसेल तिथले लोक ओरडणारच."

"समुद्र कशाला ठेवलाय मग? एवढा अरबी समुद्र मोकळा पडलाय! तिथं बसवा ना! नाही, तिथं माशांना उड्या मारायला जागा पाहिजे. माशांना जागा आहे, आमच्या देवीला नाही." मामांचा आवाज चढला तशी मामी स्वयंपाकघरातून म्हणाली, "सुरू झालं. जावई, तुमी च्या घ्या, निवंल तो."

हा नकाशा आधी येडशी स्टेशनात लावलेला असायचा. धाराशिवला गाडी नव्हती; ज्याला जगात कुठंही जायचं त्यानं मोटारीनं येडशीला जायचं आणि तिथून छोटी गाडी धरायची. गाडी कधी वेळेवर येत नसे. त्यामुळं मामांनी तरुणपणापासून तासन्‌तास त्या नकाशासमोर काढले होते आणि राग असा थेंबाथेंबानं साठवला होता. विलीनीकरणानंतर स्टेशनातल्या जुन्या पाट्या उतरवल्या, त्यात हाही उतरवला, आणि तो सरपणात जाणार एवढ्यात मामा तिथं पोचले. गुंडाळी खांद्यावर घेऊन, सबंध मोटारभर लोकांना ती लागू न देता, त्यांनी तो घरी आणला. मी एकदा विचारलं, इतका राग आहे तर जळू का दिला नाहीत? ते म्हणाले, "जाळला असता तर पुरावा गेला असता." पण नुसता पुरावा कुणी दर रविवारी मलमलीनं पुसत नाही. कडेला कसर लागली तेव्हा त्यांनी खळ शिजवून, श्वास रोखून, नवा कागद सांधला होता. इंजिनाच्या धुरावर त्यांचं फार प्रेम. "रेघ बघा त्याची," असं हळूच म्हणायचे, आणि लगेच चौकटीकडं नजर गेली की पाळ्या लाल.

'त्याची' म्हणजे चित्रकाराची. नकाशाच्या कोपऱ्यात त्याची बारीक सही होती, ती वाचता येत नसे, म्हणून मामा त्याला नुसतं 'तो' म्हणायचे. ह्या 'तो'च्या एकेका चुकीचा हिशेब त्यांनी घेतला होता. करकटक लावून वाघ मोजला, तो नाकापासून शेपटीपर्यंत बावन्न मैल भरला. "बावन्न मैलांचा वाघ! हा उठून बसला तर दोन स्टेशनं बंद पडतील. अहो, माझ्या हातून बांध चार हात सरकला असता तर मला घरी पाठवला असता. ह्यानं सबंध जिल्हा झाकला आणि खाली सही ठोकली." मग थोडं थांबून ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणायचे, "त्याचीही चूक नसेल म्हणा. त्याला मोकळी जागा दिसली. त्यानं विचारलं असेल कुणाला तरी, इथं काय आहे? आणि कुणीतरी म्हणालं असेल, काही नाही. त्या काही नाही म्हणणाऱ्याला मी शोधतोय."

मामांचा दुसरा कायदा भिंतीचा. नकाशा उत्तरेच्या भिंतीवरच लागला पाहिजे, म्हणजे बघणाऱ्याचं तोंड उत्तरेला होतं आणि कागदावरची पूर्व खऱ्या पूर्वेला येते. त्यांच्या बैठकीच्या खोलीत उत्तरेला एकच खिडकी होती. मामांनी गवंडी आणून ती बुजवली. मामी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "सगळ्या घराला वारा देनारी एकच खिडकी होती. ती ह्यांनी मद्रासला दिली." उन्हाळ्यात त्या खोलीत बसलं की जीव कासावीस व्हायचा. पण मामांचं म्हणणं ठाम होतं, आणि त्याला कारणही होतं. येडशीला हा नकाशा दक्षिणेच्या भिंतीवर लावलेला असे. बेंबळीचा एक म्हातारा शेतकरी लेकीकडं लातूरला निघाला होता. तो लातूरच्या गाडीत बसला, गाडी हलायच्या आत त्याचं लक्ष दारातून नकाशाकडं गेलं, आणि तो बोचकं घेऊन खाली उतरला. "ह्यात लातूर उजव्या हाताला हाय की वो. गाडी तर डाव्या हाताला निघाली," असं म्हणून तो पलीकडच्या कुर्डुवाडीच्या गाडीत जाऊन बसला आणि गेला. सगळं स्टेशन त्या म्हाताऱ्याला हसलं. मामा मात्र स्टेशन मास्तरांच्या टेबलावर मूठ आपटून म्हणाले, "म्हातारा बरोबर आहे. तुमची भिंत चुकलीय."

तेव्हापासून कुणाच्याही घरी, कचेरीत, दवाखान्यात भलत्या भिंतीवर नकाशा दिसला की मामा तो उतरवायचे. एकदा ते माझ्या शाळेत हळदीकुंकवाचं आमंत्रण द्यायला आले. मी सातवीला आशिया शिकवत होतो आणि आशिया पश्चिमेच्या भिंतीवर होता. मामांनी दारातून आमंत्रण दिलं, आत आले, आशिया काढला, उत्तरेच्या भिंतीत खिळा नव्हता म्हणून मुलांना म्हणाले, "उठा, सगळे तिकडं तोंड करा," आणि दोन मुलांच्या हातात चीन आणि अरबस्तान देऊन निघून गेले. मला मुख्याध्यापकांपुढं उभं राहावं लागलं. मी तेव्हा चिडलो होतो. आता वाटतं, मुलांना आशिया त्या दिवसाइतका कधी कळला नसेल.

त्यांच्याबरोबर गाडीनं जाणं म्हणजे तर तमाशाच. पांगरी सुटली की मामा टोपी कपाळावर ओढायचे आणि जाहीर करायचे, "चला, चौकटीखाली आलो." येडशीला, तेरला ते खिडकीतून बाहेर बघायचेच नाहीत. बघायला आहे काय, वर पिवळा रंग. मुरूड आलं की मोठा श्वास घेऊन उपरण्यानं तोंड पुसायचे. एकदा समोरच्या बाकावर ढोकीचा एक आडदांड माणूस बसला होता. त्यानं विचारलं, "काय तरास हुतोय का मालक?" मामांनी त्याला सगळं समजावून सांगितलं. त्यानं बोटांवर स्टेशनं मोजली.

"म्हंजी ढोकी न्हायच त्यात?"

"न्हाय."

"आन लातूर हाय?"

"हाय."

"मग गाडी थांबती कशाला हितं?" असं म्हणून तो जो भडकला, तो ढोकी आली तरी उतरेना. डब्यातले लोकही बाह्या सरसावून कुणावर तरी चालून जायला तयार झाले. कुणावर, ते कुणालाच माहीत नव्हतं. मामांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी क्वचितच पाहिलं.

पुढं राज्य मराठी झालं आणि मुंबईच्या कुठल्याशा प्रसिद्धीच्या कार्यालयानं हाच जुना नकाशा मराठी नावं घालून पुन्हा छापायचं काढलं. ही बातमी मामांना कुणी दिली कोण जाणे. ते भर दुपारी दोन वाजता उन्हातनं माझ्या घरी आले, चप्पल न काढता आत आले. माझ्या आठवणीत ते एकदाच. "जावई, कागद घ्या. आता नाही तर कधी नाही." बातमी गावात फुटलीच होती. कुणी म्हणालं देवीचं देऊळ छापायला सांगा, कुणी म्हणालं नळदुर्गचा किल्ला, कुणी म्हणालं लेणी. मामांनी सगळ्यांना हात जोडले. "मला देऊळ नको, किल्ला नको. एक टिंब पाहिजे आणि बाजूला नाव. बस." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. एका टिंबासाठी भरल्या डोळ्यांनी उभा असलेला माणूस बघून मला पहिल्यांदा हसू आलं नाही.

मग ते सांगायला लागले आणि मी लिहायला लागलो. ते म्हणाले, "लिहा. ही चौकट आमच्या छातीवरून उठवा आणि अरबी समुद्रात नेऊन बुडवा."

आता सरकारी कार्यालयाला असं लिहितात का? मी मास्तर माणूस. मी लिहिलं: 'सदर खुणांची चौकट जरा पश्चिमेस सरकविण्याची कृपा व्हावी.' समुद्र पश्चिमेलाच आहे, कोणाला कळणार नाही? मी वाचून दाखवलं. मामा 'जरा'वर अडखळले.

"जरा कशाला?"

"अदबीचा शब्द आहे मामा. जरा पाणी द्या म्हटलं म्हणून कुणी चूळभर पाणी देतं का?"

"ते खरं," मामा म्हणाले. "अदब तर पाहिजेच." आणि त्यांनी खाली आपली वळणदार सही केली. मी नक्कल करून घेतली आणि अर्ज टपालात टाकला.

तीन महिन्यांनी उत्तर आलं. आपली सूचना मिळाली, तिला अनुसरून चौकट किंचित पश्चिमेकडे घेण्यात येत आहे, कळावे. किंचित! मी तो शब्द वाचला, मोठ्यानं वाचला, आणि मला काही म्हणजे काही खटकलं नाही. दुसऱ्यांच्या वह्यांत लाल शाईनं ऱ्हस्वदीर्घ शोधणारा मी! मामांनी ते पत्र देवासमोर ठेवलं आणि हळदकुंकू वाहिलं. पुढचे कित्येक दिवस ते कुणावरच रागावले नाहीत. मामीला काळजी लागली. "जेवन कमी झालंय ह्यांचं," ती बायकोला म्हणाली.

नवा नकाशा आला त्या दिवशी त्यांनी घर माणसांनी भरून टाकलं. पेढे आणले. जुना नकाशा उतरवून घडी करून ठेवला आणि त्याच खिळ्यांवर नवा चढवला. मी शाळा सुटल्यावर पोचलो तेव्हा मामा भिंग हातात घेऊन एकेकाला पुढं बोलावत होते. "या, बघा. हे येडशी. हे तेर. आणि हे..." एक टिंब होतं, बाजूला 'उस्मानाबाद' असं गावाचं सरकारी नाव मराठीत छापलेलं होतं, आणि मामा त्यावर बोट ठेवून उभे होते. गाडी पांगरीहून निघून सगळ्यांना दिसत, मोकळ्या हवेत, लातूरला जात होती. माणसं टाळ्या वाजवत होती. मीही वाजवल्या. मग सवयीनं माझी नजर डावीकडं गेली.

चौकट सरकली होती. मोरासकट, वेलबुट्टीसकट, फार तर दीड इंच सरकली होती. बार्शीचं स्टेशन झाकायला नको म्हणून थोडी वरही घेतली होती, जिथं रूळ नाहीत, स्टेशन नाही, ओरडणारं कुणी नाही अशा जागी. समुद्र होता तिथंच होता, मासे उड्या मारत होते. आणि भूम नव्हतं.

मी टाळ्या वाजवायचा थांबलो. माझ्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. इतकी वर्षं मी ज्याला हसत होतो ते माझ्या छातीवर येऊन बसलं, आणि तेव्हा मला कळलं की ते हसण्यासारखं कधीच नव्हतं. माझी आई तिथं राहत होती. मी शिकलो ती शाळा, आठवड्याचा बाजार, सगळं त्या पिवळ्या रंगाखाली गेलं होतं, आणि ते मीच माझ्या सुवाच्य अक्षरात घालवलं होतं.

मी काही बोलणार नव्हतो. तो मामांचा दिवस होता. पण रागाच्या बाबतीत त्यांची नजर फार तयार. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी बघत होतो तिकडं बघितलं, आणि भिंग घेऊन ते डाव्या कडेला गेले. खूप वेळ वाकून उभे होते. मग वळून म्हणाले, "भूम कुठाय?"

माणसं पुढं वाकून शोधायला लागली.

"पेढे खाली ठेवा," मामा म्हणाले.

एकानं तोंडात घातलेला पेढाही बाहेर काढला, असा तो आवाज होता. पाच मिनिटांत घर रिकामं झालं. मी अर्जाची नक्कल काढून त्यांच्यापुढं ठेवली आणि म्हणालो, "मामा, चूक माझी आहे. तुम्ही समुद्र म्हणाला होतात." त्यांनी 'जरा'वर बोट ठेवलं. आता ते मला फाडून खातील म्हणून मी वाट बघत उभा राहिलो. मला ते हवंच होतं. पण आयुष्यभर कागदावर रागावलेला तो माणूस माझ्यावर रागावला नाही.

"तुम्ही अदबीनं लिहिलंत," ते म्हणाले. "त्यांनी फूटपट्टीनं वाचलं. बसा. आता भूमसाठी लिहू. ह्या खेपेला मी सांगतो तसं."

मामीला वाटलं होतं, आता खिडकी उघडेल. तिनं बिचारीनं गवंड्याला सांगूनही ठेवलं होतं. पण मामांच्या रागाला नवं गाव मिळालं. भूम त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. न पाहिलेल्या गावासाठी भांडणं त्यांच्या पेशात बसत नव्हतं, म्हणून साठी उलटलेला हा माणूस वैशाखात एस.टी.नं एकटा भूमला गेला. दोन दिवस आईकडं उतरला, गावाभोवती पायी फिरला, बाजारपेठेचा, ओढ्याचा, वेशीचा नकाशा प्रमाणात काढून आणला. आणि परत आला तो संतापानं लालबुंद होऊन. "सापडला!" दारातूनच ओरडले. "काही नाही म्हणणारा सापडला! बाजारात एकाला विचारलं, इथं बघण्यासारखं काय आहे? तो म्हणतो, काय न्हाय! तुमच्याच गावचा निघाला, जावई! पाव तास भांडलो त्याच्याशी. शेवटी कबूल केलं त्यानं."

"काय कबूल केलं?"

"की हाय म्हणून."

पुढची चार वर्षं आम्ही मुंबईला लिहीत राहिलो. एकाही पत्रात अदब नव्हती आणि एकाही पत्राला उत्तर आलं नाही. मला त्या कार्यालयातल्या माणसाचा आजही राग येतो. त्यानं खिडकीबाहेर नजर टाकली असती तरी त्याला समुद्र दिसला असता. त्याच्याहून जास्त राग मला अर्ज टाकल्यानंतरच्या त्या तीन महिन्यांचा येतो, ज्यात मी एक पोस्टकार्ड टाकून 'समुद्रात' असं लिहू शकलो असतो.

मामा गेल्या चैत्रात गेले. शेवटी शेवटी त्यांना नीट दिसत नव्हतं. भिंतीकडं तोंड करून बसायचे आणि पाळ्या मात्र वेळेवर लाल व्हायच्या. दिवस झाल्यावर मामीनं खिडकी उघडली. विटा काढल्या तसा वारा घरभर शिरला, आणि मामी त्या वाऱ्यात उभी राहून जी रडायला लागली ती थांबेना. "काय करू ह्या वाऱ्याला," म्हणाली. नव्या नकाशाची गुंडाळी तिनं माझ्या हातात दिली. "न्या तुमी. त्यांनी तुमच्यासाठीच म्हून ठेवलाय."

घरी आणून मी तो जमिनीवर उलगडला. पिवळी चौकट, चार मोर, तीन खुणा. दुहेरी मार्ग, एकेरी मार्ग, छोटा मार्ग. आणि त्यांच्या खाली चौथी खूण होती. छापलेली नव्हती. शाईनं, मोजणी खात्याच्या सरळ सुबक अक्षरात, पण हात थरथरल्यानं काना थोडा हललेला. एक लाल टिंब, आणि पुढं लिहिलं होतं: 'जावयाचं गाव'. मग मी शोधलं. चौकटीच्याच पोटात, वेलबुट्टीपासून बोटभर आत, बरोबर जिथं खाली भूम असायला हवं तिथं, तसंच एक लाल टिंब होतं. मी पट्टी लावून मोजलं. तसूभरही चूक नव्हती.

आमच्या घरात उत्तरेच्या भिंतीला खिडकी आहे. बायको दोन दिवस झाले माझ्याशी बोलत नाही. गवंडी उद्या सकाळी येतो म्हणालाय.